शंभर वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र कसं वाचायचं: १९२० च्या दशकातले मराठी अंक उघडणाऱ्यांसाठी

मध्यंतरी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मेहुण्यांनी एक कात्रण टाकलं. पिवळा कागद, फाटलेली कड, वर ‘सन १९२४’. मजकुरात कुठल्याशा गावच्या जत्रेची बातमी होती. तिच्यात ‘हरिजन वस्ती’ होती आणि जत्रेत दाखवलेला ‘मूकपट’ही होता. ग्रुपवर भराभर हात जोडले गेले. मी मात्र त्या दोन शब्दांपाशीच थांबलो. ‘हरिजन’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रुळला तो पुणे कराराच्या नंतर, म्हणजे १९३२-३३ च्या सुमारास. आणि ‘आलम आरा’ हा आपल्याकडचा पहिला बोलपट आला मार्च १९३१ मध्ये. त्याआधी सगळेच सिनेमे मुके होते, तेव्हा त्यांना मुद्दाम ‘मूकपट’ म्हणायची गरज कुणाला पडणार? कात्रण बनावट होतं. मेहुणे थोडे रागावले, पण त्यातून एक झालं. ‘मग खरं कात्रण ओळखायचं कसं, वाचायचं कसं,’ असं चार जणांनी विचारलं. त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगितलं ते इथे सलग लिहितो आहे.

पणजोबांचं नाव शोधणारे, गावाचा इतिहास लिहिणारे, शाळेत इतिहास शिकवणारे, कादंबरीसाठी काळ धुंडाळणारे अशा सगळ्यांना याचा उपयोग होईल. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, जुन्या फाइलींत बसण्याची खोड आहे इतकंच.

पायरी पहिली: प्रश्न छोटा करा

‘१९२० च्या दशकातलं समाजजीवन’ असा विषय घेऊन ग्रंथालयात गेलात तर दुपारपर्यंत डोकं गरगरेल आणि हाती काही लागणार नाही. एक घटना धरा, तिच्या आगेमागे दोन महिने धरा, आणि दोन-तीन पत्रं धरा. मुळशीचा सत्याग्रह घ्या: १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस, टाटांच्या धरणाविरुद्ध मावळातले शेतकरी आणि पुढे सेनापती म्हणून ओळखले गेलेले बापट. किंवा जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात झालेली गांधीजींची आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया घ्या. कैदी सरकारचा, शल्यविशारद कर्नल मॅडॉक सरकारचे, आणि शस्त्रक्रिया चालू असताना दिवे गेलेले. त्या एका रात्रीवर कोणत्या पत्राने काय लिहिलं हे पाहण्यात आठवडा सहज जातो.

पायरी दुसरी: कोणतं पत्र कुणाचं, हे आधी पाठ करा

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवायला सांगेन. त्या काळी पत्र म्हणजे एक बाजू असे, आणि वाचकालाही ते ठाऊक असे. आपण नुसतं ‘त्या काळच्या वर्तमानपत्रात आलं होतं’ असं म्हणतो तेव्हा त्यातली अर्धी माहिती गाळून टाकतो.

पुण्याचा ‘केसरी’ दर मंगळवारी निघे. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले आणि पत्राची धुरा न. चिं. केळकरांवर आली. पुण्याचाच ‘ज्ञानप्रकाश’ त्याहून जुना, १८४९ चा. १९०४ पासून तो दैनिक झाला आणि पुढे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाकडे गेला, म्हणजे मवाळांचा. मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ मध्ये ‘नवाकाळ’ काढला. खाडिलकर टिळकांच्या तालमीतले, पण आता गांधींच्या बाजूचे. दशक संपता संपता राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना तुरुंगात जावं लागलं. अच्युत बळवंत कोल्हटकरांचा ‘संदेश’ थोडा आधीचा, १९१५ चा. मराठी दैनिकाला चटकदारपणा आणला तो त्यांनी. ‘वत्सलावहिनींची पत्रं’ हे त्यातलं सदर बायकांच्या बोलीत लिहिलेलं आणि त्यामागचा हात पुरुषाचा. स्त्रियांच्या राहणीवर लिहिलेलं काही वाचताना हे ध्यानात ठेवा.

ब्राह्मणेतर पत्रांची फळी वेगळी होती आणि ती वाचल्याशिवाय हे दशक कळतच नाही. मुकुंदराव पाटलांचा ‘दीनमित्र’ १९१० पासून नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून निघत होता. शहराबाहेरून साप्ताहिक चालवायचं, छपाईपासून टपालापर्यंत, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुण्यात श्रीपतराव शिंद्यांचा ‘विजयी मराठा’, बडोद्याला भगवंतराव पाळेकरांची ‘जागृति’, मुंबईत १९२१ पासून प्रबोधनकार ठाकऱ्यांचं ‘प्रबोधन’ पाक्षिक.

आणि ३१ जानेवारी १९२० ला निघालेला डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपये दिले होते. ‘मूकनायक’ निघतो आहे अशी जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, हे आंबेडकरांनी स्वतः पुढे लिहून ठेवलं आहे. एखाद्या पत्रात एखादी गोष्ट नाही याचा अर्थ ती घडली नाही असा घेऊ नका. दार बंद होतं, इतकाच अर्थ घ्या.

गोव्यातल्या वाचकांसाठी: गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांचं ‘भारत’ पोर्तुगीज राजवटीखाली चाललेलं पत्र. १९१० ला लिस्बनमध्ये प्रजासत्ताक आलं तेव्हा गोव्यात पत्रांना मोकळीक मिळाली आणि १९२६ च्या लष्करी उठावानंतर सेन्सॉर आला. म्हणून गोव्याचे अंक वाचताना १९२६ ही रेघ आखून घ्या. तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा सूर सारखा लागत नाही.

ब्रिटिश हद्दीत अशीच रेघ १९२२ ची. जामीनकी मागणारा १९१० चा प्रेस ॲक्ट त्या साली रद्द झाला, पण त्याच साली संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवू नये म्हणून वेगळा कायदा आला. त्यामुळे कलेक्टरवर सडकून टीका करणारा संपादक संस्थानच्या महाराजांवर लिहिताना एकदम ‘असे ऐकिवात आहे’च्या भाषेत शिरतो. राजद्रोहाचं १२४-अ कलम तर कायमच डोक्यावर होतं.

पायरी तिसरी: अंक मिळवायचे कुठे

इथे थोडक्यात सांगतो. पुण्याचा केसरीवाडा, पुणे नगर वाचन मंदिर, ठाण्याचं आणि मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी, पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय या ठिकाणांपासून सुरुवात करा. जायच्या आधी कोणत्या वर्षाची फाइल आहे, ती हाताळू देतात की फक्त मायक्रोफिल्म किंवा स्कॅन मिळतो, हे फोनवर विचारून घ्या. एकदा मी सकाळी सहाची एसटी धरून एका ग्रंथालयात पोचलो. हवी ती फाइल बांधणीला गेली होती आणि ‘कधी येईल’ याला उत्तर नव्हतं. तेव्हापासून फोन करतो.

‘मूकनायक’ आणि आंबेडकरांचंच पुढचं पत्र ‘बहिष्कृत भारत’ हे महाराष्ट्र शासनाने एकत्र पुनर्मुद्रित केले आहेत, ते घरबसल्या वाचता येतात. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं मी म्हणेन.

मुंबईच्या राज्य अभिलेखागारात आणखी एक खजिना आहे. सरकारचा ओरिएंटल ट्रान्सलेटर देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला साहेबांपुढे ठेवत असे. ज्या पत्रांच्या फाइली उरल्याच नाहीत त्यांचा मागमूस तिथे लागतो. पण तो सरकारी भाषांतरकाराने केलेला गोषवारा आहे, सरकारला काय टोचेल हे पाहून निवडलेला. त्याचं पुन्हा मराठी करून ‘अमुक पत्राने लिहिलं’ म्हणून अवतरणचिन्हांत टाकू नका. हा घोळ छापील पुस्तकांतही सापडतो.

पायरी चौथी: तारीख लावा

मथळ्यावर बहुधा इंग्रजी तारीख आणि शक-मिती दोन्ही असतात. कात्रण असेल आणि इंग्रजी तारीख फाटली असेल तर शकावरून वर्ष काढावं लागतं. गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. महाडची परिषद, चवदार तळ्यावर पाणी प्यायलं गेलं तीच, भरली १९ आणि २० मार्च १९२७ ला: तो फाल्गुन, शके १८४८, म्हणून ७९ मिळवले की १९२७. तिच्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. तोवर शके १८४९ लागलेलं, म्हणून ७८ मिळवले तरी १९२७ च. सरसकट ७८ मिळवणारा माणूस महाडची परिषद १९२६ ला नेऊन ठेवतो. मी एकदा अशाच प्रकारे एका लग्नाची बातमी वर्षभर आधी ढकलली आणि नवऱ्यामुलाची मॅट्रिक लग्नानंतर झाली असं गणित मांडून बसलो होतो.

‘ता. मजकुरी’ म्हणजे वर सांगितलेल्या तारखेलाच, ‘गुदस्ता’ म्हणजे गेल्या वर्षी. साप्ताहिकाच्या अंकात ‘परवा’ असेल तर ते मजकूर लिहिला त्या दिवसापासून मोजा, अंकाच्या तारखेपासून नको.

साप्ताहिक आणि दैनिक यांच्या चालीतला फरकही इथेच कळतो. टिळक गेले रविवारी, ‘केसरी’चा वार मंगळवार. तोपर्यंत बातमी तारांनी आणि तोंडी सगळीकडे गेलेली. म्हणून साप्ताहिकात बातमी शोधायला गेलं की हिरमोड होतो. तिथे बातमीचा अर्थ लावलेला असतो, निबंध असतो. कोण कुठल्या गाडीने आला, स्टेशनवर किती गर्दी होती, पाऊस होता का, हे हवं असेल तर दैनिक काढा.

पायरी पाचवी: ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

जुनं मराठी आपल्याला कळतं असं वाटतं, आणि घात तिथेच होतो.

‘सुधारणा’ हा शब्द घ्या. एका वहीत मी कधीकाळी लिहून ठेवलं होतं की अमुक गावच्या सभेत ‘सुधारणांना विरोध’ झाला, आणि पुढे कंसात शेरा, ‘सनातनी गाव’. वर्षभराने तोच अंक पुन्हा पाहिला तेव्हा कळलं की सभा माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवर होती, आणि विरोध करणारे जहाल होते. त्या सुधारणा तुटपुंज्या आहेत म्हणून विरोध! या सुधारणांनी प्रांतिक कारभाराची दोन दलं केली. शिक्षण, आरोग्य अशी खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे, ती ‘सोपीव’. पोलीस, महसूल सरकारकडे, ती ‘राखीव’. ‘सोपीव खात्याचे दिवाण’ असं कुणाला म्हटलं असेल तर ते संस्थानचे दिवाण नव्हेत.

‘हिंदी’ म्हणजे भारतीय. ‘हिंदी स्त्रियांची परिषद’ म्हणजे हिंदी बोलणाऱ्या स्त्रियांची नव्हे. ‘अँग्लो-इंडियन पत्रे’ म्हणजे टाइम्ससारखी इंग्रजांच्या मालकीची पत्रं. ‘फेरवादी’ आणि ‘नाफेरवादी’ ही १९२२ नंतरची काँग्रेसमधली दोन टोकं: कौन्सिलात, म्हणजे कायदेमंडळात, शिरावं म्हणणारे आणि गांधींचा बहिष्काराचा कार्यक्रम तसाच ठेवावा म्हणणारे. १ जानेवारी १९२३ ला स्वराज्य पक्ष निघाला तो फेरवाद्यांचा. ‘मराठा’ हा शब्द कुठे भाषा बोलणाऱ्या सगळ्यांसाठी येतो, कुठे जातीसाठी. निवडणुकीच्या बातमीत तो कायद्याच्या अर्थाने येतो, कारण मुंबई कौन्सिलात ‘मराठा व तत्सम’ जातींसाठी सात जागा राखीव होत्या.

सगळ्यात मजेचा शब्द ‘बहिष्कार’. विलायती कापडावर घालायचा तो देशभक्तीचा, आणि गावाने एखाद्या कुटुंबावर घातलेला तो जुना, पाणी तोडणारा. दोन्ही एकाच अंकात शेजारी शेजारी सापडतात, आणि पहिल्याचं कौतुक करणारी लेखणी दुसऱ्याविषयी गप्प असते. आंबेडकरांनी पत्राला ‘बहिष्कृत भारत’ नाव दिलं तेव्हा हे दोन्ही अर्थ वाचकाच्या कानात होते.

सर्च करणाऱ्यांसाठी एक सूचना. स्कॅन केलेल्या अंकांत ‘काही नाही’ शोधाल तर काहीच सापडणार नाही, कारण तिथे ‘कांहीं नाहीं’ छापलेलं आहे. १९६२ च्या नियमांनी ते अनुस्वार गेले, त्याआधी ते सर्वत्र होते: पुणें, ठाणें, त्यानें, घरीं. नासिक शोधा, नाशिकही शोधा. आडनाव दोन-तीन तऱ्हांनी शोधा. आणि मशीन जुन्या टाइपातला ‘ल’ आणि ‘श’ हमखास चुकवतं.

पायरी सहावी: नावाच्या आधी काय आहे ते बघा

राजकारण आणि रीतभात एकाच जागी पाहायची असेल तर बिरुदं बघा. रा. रा. म्हणजे राजमान्य राजश्री, ते कुणालाही लागतं. वे. शा. सं. म्हणजे वेदशास्त्रसंपन्न. रा. ब. म्हणजे रावबहादुर, सरकारने दिलेलं. असहकाराच्या काळात या पदव्या परत करायची टूम निघाली, तेव्हा कुणाच्या नावामागचं ‘रा. ब.’ एका पत्रात गळतं आणि दुसऱ्यात टिकतं, हीच बातमी. ना. म्हणजे नामदार, कौन्सिलर. गं. भा. म्हणजे विधवा.

गांधींच्या नावाआधी ‘मि.’ आहे, ‘रा.’ आहे, ‘म.’ आहे की ‘महात्माजी’, यावरून पत्राचा कल चार अंकांत कळतो. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसमध्ये जिना ‘मिस्टर गांधी’ म्हणाले आणि मंडपातून ‘महात्मा’ म्हणा असा गदारोळ उठला. एका बिरुदावरून भर सभेत माणसाला बोलू न देण्यापर्यंत वेळ आली होती.

याहून बारीक खूण म्हणजे क्रियापद. वहीच्या पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ज्यांच्यासाठी ‘आले, म्हणाले’ वापरलंय त्यांची नावं, उजवीकडे ‘आला, म्हणाला’ची. एका महिन्याच्या अंकांत हे करून पाहा. कुठलाही जातीचा तक्ता न मांडता गावाची उतरंड कागदावर उतरते. बायकांच्या बाबतीत ‘बाई’, ‘सौ.’, ‘मिस’ आणि नुसतं नाव असे चार थर मिळतात. नाटकवाल्या, गाणाऱ्या बायका बहुधा चौथ्यात.

पायरी सातवी: शेवटच्या पानापासून सुरू करा

नवखा माणूस अग्रलेखापासून सुरू करतो आणि दुसऱ्या स्तंभात झोपतो. तुम्ही जाहिरातींपासून सुरू करा. काढे, तेलं, वीर्यवर्धक गोळ्या, लोखंडी नांगर, खादी भांडार, विमा, नाटक कंपन्यांचे मुक्काम. ज्या पानावर अग्रलेख विलायती मालाला शिव्या घालतो त्याच अंकाच्या पाठीवर विलायती घड्याळाची जाहिरात असते. ढोंग म्हणून सोडून देऊ नका, कागदाचं बिल कुठून भागत होतं ते त्यातून कळतं.

किमती वाचताना खुणा शिकून घ्या. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. ‘।’ म्हणजे पाव, ‘॥’ म्हणजे अर्धा, ‘॥।’ म्हणजे पाऊण, ‘=’ म्हणजे दोन आणे. म्हणून ‘१॥=’ म्हणजे एक रुपया दहा आणे. हे ठाऊक नसेल तर ‘१॥’ चे एकशे अकरा वाचून मोकळे व्हाल आणि त्या काळी धोतरजोडी किती महाग होती यावर लेख लिहाल. ‘ट. ख. निराळा’ म्हणजे टपालखर्च वेगळा.

नाटकाच्या जाहिरातीत राजकारण कसं असतं पाहा. ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झालं. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नायक एका रंगमंचावर, आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. त्या फंडासाठी काँग्रेसने एक कोटीचं लक्ष्य ठेवलं होतं. नाटक पुन्हा खाडिलकरांचंच. हा एक प्रयोग तुम्हाला नाटकाच्या सदरात सापडेल, फंडाच्या यादीत सापडेल आणि तिकिटांवरून तक्रार करणाऱ्या वाचकांच्या पत्रांतही शोधून पाहा. केशवराव तीनच महिन्यांनी, ऑक्टोबरात गेले. त्यांच्यावरचे मृत्युलेख वाचताना जुलैचे अंक शेजारी ठेवा.

जाहिरातींनंतर पत्रव्यवहार, मग ‘पोच व अभिप्राय’ (आलेल्या पुस्तकांवरचे शेरे), मग स्फुटं (छोटी संपादकीय टिपणं), आणि शेवटी अग्रलेख. पत्रव्यवहारात ‘एक हितचिंतक’, ‘एक प्रवासी’ अशा सह्या असतील. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातली गर्दी, चहाची दुकानं वाढली, मुली सायकलवर बसू लागल्या, गांधी टोपी घालून कचेरीत जावं का: दशकाची रीतभात तिथे नांदते. टोपीचा वाद किरकोळ समजू नका. पगडी, फेटा, रुमाल, काळी टोपी यांवरून माणसाची जात, पेशा आणि गाव कळत असे. सगळ्यांनी एकच पांढरी टोपी घालायची हे म्हणून अनेकांना राजकारणापेक्षाही जास्त खुपलं.

पायरी आठवी: एक धागा शेवटपर्यंत धरा

आता महाडचा धागा कसा धरायचा ते दाखवतो. बहुतेक जण मार्च १९२७ चे अंक मागतात. तुम्ही चार वर्षं मागे जा.

४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव आणला: सरकारी पैशाने बांधलेली पाणवठ्याची जागा, विहिरी, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. तो मंजूर झाला. बोले ब्राह्मणेतर चळवळीतले, तेव्हा ही बातमी कोणत्या पत्रात किती ओळींची आहे हे आधी मोजा. कौन्सिलच्या वृत्तांतात ती दोन ओळींत दबलेली असू शकते.

दुसरा थांबा जानेवारी १९२४. महाडच्या नगरपालिकेने ठरावाप्रमाणे चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर. तळ्याकडे कुणी फिरकलं नाही. या टप्प्यावर मोठ्या पत्रांत फारसं काही मिळणार नाही, ‘कुलाबा जिल्हा’ (आजचा रायगड) या सदराखालच्या बारीक टाइपात शोधा.

तिसरा थांबा परिषद. २० मार्चला आंबेडकरांमागून मिरवणूक तळ्यावर गेली आणि लोकांनी पाणी प्यायलं. नंतर गावात उठलं की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे तळ्याचं शुद्धीकरण करण्यात आलं. इथे तीन पत्रांचे वृत्तांत समोर ठेवा आणि फक्त क्रम तपासा. आधी अफवा की आधी हल्ला? ‘दंगा’ म्हटलंय, ‘मारामारी’ म्हटलंय की ‘हल्ला’? दंग्याला दोन बाजू लागतात, हल्ल्याला एकच हल्लेखोर. बातमीदाराने शब्द निवडला तेव्हाच निकाल दिला. मग ३ एप्रिलचा ‘बहिष्कृत भारत’ घ्या. तो अंक बाकीच्यांना दिलेलं उत्तरही आहे, म्हणून तो सर्वांत शेवटी वाचा, म्हणजे कोणत्या वाक्याला कोणता टोला आहे ते दिसतं.

चौथा थांबा ऑगस्ट १९२७: नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. पाचवा डिसेंबर. सत्याग्रहाची हाक, तळं खाजगी आहे म्हणून दिवाणी कोर्टाची तात्पुरती मनाई, आणि २५ तारखेला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानंतर मनुस्मृतीचं दहन. सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. त्यांचं नाव कोण देतं आणि कोण गाळतं ते पाहा. खटल्याचा शेवटचा निकाल उच्च न्यायालयातून लागला १९३७ मध्ये, म्हणजे हा धागा आपल्या दशकाबाहेर जातो. जाऊ द्या, त्याच्या मागे तुम्हीही जा.

पायरी नववी: चटपटीत बातम्या गंभीरपणे घ्या

१२ जानेवारी १९२५ ला मुंबईत मलबार हिलवर संध्याकाळी अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याला गोळ्या घातल्या गेल्या. बरोबर मुमताज बेगम होती, इंदूरच्या दरबारातून निघून आलेली. गोल्फ खेळून परतणारे गोरे लष्करी अधिकारी मध्ये पडले म्हणून ती वाचली. खटल्यात एका आरोपीतर्फे जिना उभे राहिले. तिघांना फाशीची शिक्षा झाली, आणि पुढच्या वर्षी इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर गादीवरून पायउतार झाले.

ही बातमी वाचताना वर सांगितलेला संस्थानिकांचा कायदा आठवा. महाराजांचं नाव न घेता महाराजांविषयी सगळं कसं सांगायचं, याचे नमुने इथे ओळीने मिळतील. नाचणारी बाई म्हणून मुमताजकडे पाहणारी नजर आणि राजवाड्यातून सुटायला धडपडणारी स्त्री म्हणून पाहणारी नजर, दोन्ही कधी एकाच लेखात. १९२८ च्या मार्चमध्ये त्याच तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिला हिंदू करून घेतलं आणि ती शर्मिष्ठादेवी झाली. अस्पृश्याला देवळात घ्यायला नाही म्हणणारे गोऱ्या मुलीला धर्मात घ्यायला कसे तयार होतात, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला ते शोधा. मला दोन ठिकाणी सापडला, कुठे ते सांगत नाही.

लग्नाचाच विषय आहे तर बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदाही धरा. सप्टेंबर १९२९ मध्ये मंजूर, १ एप्रिल १९३० पासून लागू, लग्नाला मुलीचं किमान वय चौदा, मुलाचं अठरा. मधल्या सहा महिन्यांत देशभर लहान मुलांची लग्नं उरकून घ्यायची घाई झाली. तुमच्या पणजीचं लग्न माघ-फाल्गुन शके १८५१ मधलं असेल तर घरी कुणाला तरी विचारून बघा की एवढी घाई का होती.

पायरी दहावी: टिपण

प्रत्येक नोंदीला पत्राचं नाव, तारीख (दोन्ही), पान, स्तंभ, आणि सदर लिहा. मजकूर उतरवताना अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ जसंच्या तसं ठेवा. तुमचा शेरा वेगळ्या शाईत. फोटो काढायची परवानगी असेल तर आधी मथळ्याचा फोटो, मग बातमीचा. नाहीतर घरी आल्यावर मोबाइलमध्ये चाळीस अनाथ स्तंभ उरतात. फ्लॅश बंद. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका, शंभर वर्षांच्या कागदाचा कोपरा तसाच हातात येतो. पान दोन्ही हातांनी, वरच्या कडेपासून उचला. आणि फाइल परत देताना बांधणीची नाडी होती तशी बांधा, कारण आतला सुटा पुरवणी-कागद पहिला घरंगळतो, आणि नाटकांच्या जाहिराती बहुधा त्यावरच असतात.